घोट्यावरचा उंचवटा

आधी सुमनताईंचं नाव घेते. माझं काय ते नंतर.

सुमनताई नसत्या तर मी पुण्यात टिकले नसते. नववीतच शाळा सुटलेली, गाव तिकडे भंडाऱ्याच्या बाजूला. इथे तोंड उघडलं की लोक विचारायचे, "नागपूरच्या का तुम्ही?" आणि मी हो म्हणून मोकळी व्हायचे. पॅकिंगच्या कामाला म्हणून कात्रजला आले, ते काम लवकरच सुटलं. परत जायचं तर कोणत्या तोंडाने? मग एका खानावळीचे डबे पोचवायला लागले. त्यातला एक डबा एका केंद्रात जायचा. पोलिओ झालेली, अपघातात पाय अधू झालेली माणसं तिथे येतात, त्यांच्यासाठी तिथे पायाला आधार देणारे कॅलिपर आणि स्प्लिंट बनतात. सुमनताई तिथल्या सगळ्यात जुन्या. एकदा डबा घेऊन गेले तर एक लहान पोरगं प्लास्टर लावू देत नव्हतं, लाथा झाडत होतं. ताई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "डबा ठेव आणि हा पाय धर. दाबू नकोस, नुसता धर."

मी धरला. पोरगं शांत झालं. काम संपल्यावर ताईंनी माझे हात उलटसुलट करून बघितले. म्हणाल्या, "हात शहाणे आहेत तुझे. तोंडाचं नंतर बघू."

शिक्षण किती, असं केंद्राच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खाली बघितलं. ताईच बोलल्या, "शिक्षण माझं आहे की. हिचं काही चुकलं तर मला विचारा." त्यांनी मला काम दिलं, त्यांच्या ओळखीने आंबेगावात खोली मिळवून दिली, केंद्राची किल्ली दिली. दिवाळीत मी गावी गेले नाही तेव्हा घरी बोलावून जेवू घातलं आणि वर म्हणाल्या, "रडायचं असेल तर आधी चकल्या संपव, मऊ पडतात."

आज सुमनताई प्लास्टरला हात लावत नाहीत. त्यांनी ते काम का सोडलं, हे आपल्याला माहीत आहे असं केंद्रातल्या सगळ्यांना वाटतं. खरं फक्त मला माहीत आहे. मी ते कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, सोबत राहणाऱ्या मुलीला नाही, मनातल्या मनात देवासमोरसुद्धा नाही. तुम्हाला सांगते आहे. तुम्ही माझे कोणी नाही म्हणून — की तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? काहीही समजा.

सुरुवात कुठून करू? पत्र्यापासून करते. पत्र्याचं बोलणं मला सोपं जातं.

माझा मामा भांड्यांच्या कारखान्यात पितळ ठोकायचा. लहानपणी रोज शाळेतून आल्यावर मी त्याचा डबा न्यायचे आणि तो मला हातोडी द्यायचा. पत्रा कुठे ताणला जातो, कुठे गोळा होतो, हे मला पाढ्यांच्या आधी कळलं. पुण्यात आल्यावर एकटीला करमायचं नाही. फोनवर काहीबाही बघत बसायचे. त्यात एकदा एक म्हातारा दिसला, परदेशातला, आपल्या घराच्या मागच्या अंगणात पायाचं चिलखत बनवत होता. त्यांच्याकडे मध्ययुगात सरदार घालायचे तसलं, अख्खा पाय झाकणारं — मांडीवर एक पत्रा, गुडघ्यावर वाटी, तिच्या वर-खाली सरकणाऱ्या छोट्या पट्ट्या, आणि नडगीला पुढून-मागून बिलगलेले दोन पत्रे. भाषा कळत नव्हती. पण हातोडी कळत होती. माय, किती वेळा बघितलं असेल मी ते.

मग मीही करायला लागले. खोलीवर, सुट्टीच्या दिवशी, दुपारी. ताईंनीच केंद्रातला एक जुना लाकडी ओंडका दिला, त्यात मी खड्डा कोरला आणि त्यात गुडघ्याची वाटी ठोकली. खालच्या मजल्यावरचे घरमालक जिन्यात भेटले की म्हणायचे, "घंटा पण बांधा एक, म्हणजे देऊळ तरी होईल." पण बंद करा असं कधी म्हणाले नाहीत. तेही चांगलेच माझ्याशी. सगळेच चांगले होते माझ्याशी — हेच तर.

गुडघ्याच्या वाटीचा फोटो मी कुठेतरी टाकला आणि कोथरूडच्या अद्वैतचा मेसेज आला. अद्वैत कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो आणि रविवारी मित्रांबरोबर मैदानात चिलखत घालून बोथट तलवारीने लढतो. हौस. त्याला पायाचं चिलखत हवं होतं. म्हणाला, "लेग्ज जमले तुला, तर आमचा पूर्ण ग्रुप तुझ्याकडून करून घेईल." पायांची मापं टेपने घेऊन पाठवली आणि कंपनीच्या कामाला परदेशात गेला. आल्याबरोबर त्याला पाय हवे होते, त्यांची लढाई ठरलेली होती.

मांडी जमली. गुडघा जमला. नडगी जमेना. तुम्ही म्हणाल, त्यात काय, पत्रा वाकवायचा. पण पाय गोल नसतो. स्वतःच्या पायावर हात फिरवून बघा. पुढे हाडाची धार असते, ती सरळ नसते, हलकी बाक घेऊन उतरते. मागे पोटरी एका अंगाला जास्त भरलेली. खाली बारीक होत होत घोट्यावर एकदम दोन गाठी, आणि त्याही एका उंचीवर नाहीत. नुसत्या मापांवरून हे होत नाही. मी केलेली पहिली नडगी अद्वैतला व्हिडिओवर दाखवली तर तो हसला. "हा पाय आहे की ड्रेनेजचा पाइप?" मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मला वाटलं, झालं — एवढ्यासाठीच आपण होतो का? नववी सुटली तसंच हेही सुटणार का?

मला समोर एक पाय हवा होता. पुरुषाचा, भरलेला. त्यावर पत्रा धरून बघायचा, कुठे टेकतो, कुठे पोकळ राहतो. आणि केंद्रात फळीवर पायच पाय होते.

हे नीट सांगायला हवं. पेशंटच्या पायाभोवती आम्ही ओल्या प्लास्टरची पट्टी गुंडाळतो. ती वाळली की कापून काढतो आणि त्या पोकळ सालात प्लास्टर ओततो. साल काढलं की आत पेशंटचा पाय तयार — पांढरा, हुबेहूब. मग सुमनताई त्या पायावर हात फिरवायच्या. जिथे हाड कातडीला लागून आहे, तिथे पेशंटच्या पायावर आधीच जांभळ्या पेन्सिलीने खूण केलेली असते, ती प्लास्टरवर उमटते. त्या खुणेवर ताई बोटाने थोडं थोडं जास्तीचं प्लास्टर चढवायच्या, गुळगुळीत उंचवटा करायच्या. त्यावर गरम प्लास्टिकची शीट ओढली की त्या जागी स्प्लिंटला आतून खळगा राहतो आणि हाडाला काही लागत नाही. "हाडाला जागा सोडायची," हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला पूर्ण माहीत होतं.

फळीवर बाबूरावांचा पाय होता. बाबूराव मार्केट यार्डात हमाली करायचे. पोत्यांची थप्पी अंगावर आली आणि गुडघ्याजवळची नस गेली. पाऊल वर उचलेना, चालताना फरफटायचं. नडगीच्या बाहेरच्या अंगापासून बोटांपर्यंत काही कळायचं नाही, टाचणी टोचली तरी नाही. पण पोटरी अजून तशीच होती, जन्मभर ओझी वाहिलेल्या माणसाची. मी टेप लावून बघितला. अद्वैतच्या मापाशी जवळजवळ जुळत होता.

पेशंटचा पाय बाहेर न्यायचा नाही, हा नियम. शनिवारी सगळे गेल्यावर मी तो शालीत गुंडाळला आणि पिशवीत प्लास्टरची थोडी पूड टाकली, काही फुटलं-तुटलं तर असू दे म्हणून. बसमध्ये उभी होते. एका बाईंनी माझ्या कडेवरच्या शालीकडे बघितलं आणि उठल्या. "बसा, बाळ आहे ना." मी बसले. थँक यू पण म्हणाले. शाल जरा वर ओढून घेतली.

रविवार. तो रविवार मी कसा सांगू तुम्हाला? बाहेर ऊन, खोलीत पत्र्याचा वास, आणि समोर पाय. पोटरी उतरली. नडगीची धार उतरली, अशी की बोट फिरवत राहावंसं वाटे. ओंडक्यावर ठोकायचं, पायावर धरून बघायचं, परत ठोकायचं. फक्त खाली, बाहेरच्या घोट्यापाशी, पत्रा बसेना. तिथे ताईंचा उंचवटा होता. त्याच्यामुळे घोटा जाड दिसत होता, बेढब, सुजल्यासारखा. चिलखताला तिथे बारीक कंबर हवी असते आणि तिच्याखाली घोट्याची नेमकी गोलाई. तीच तर नजरेत भरते.

मी कानस घेतली.

मनात म्हटलं, संध्याकाळी परत चढवू. पूड आणलीच आहे. ताईंचं बघून बघून मलाही येतं की. घासत गेले, जांभळी खूण दिसली, थांबले. खरा घोटा समोर आला. आणि पत्रा बसला — काय सांगू, पाण्यावर पाणी ठेवल्यासारखा बसला.

त्या दुपारी मी जितकी सुखात होते तितकी पुण्यात कधीच नव्हते. हेही कबूलच करायचं आहे. कुणी मारून मुटकून माझ्याकडून करवून घेतलं नाही. मी गुणगुणत होते.

संध्याकाळी पूड कालवली तर ती घट्ट होईना. ओल लागली असेल, जुनी असेल. नुसता चिखल झाला आणि बोट लावलं की निघून यायला लागला. मी पुसून काढला. सकाळी लवकर जाऊन केंद्रातल्या चांगल्या प्लास्टरने करू असं ठरवलं. झोपही लागली मला.

सोमवारी मी कुलूप उघडलं, पाय टेबलावर ठेवला, रबरी भांड्यात प्लास्टर कालवलं. आणि गेटपाशी ताईंच्या गाडीचा आवाज आला. त्या इतक्या लवकर कधी येत नसत. आता बघा, काय करता आलं असतं. म्हणता आलं असतं, ताई, मी पाय नेला होता, उंचवटा घासला, आता चढवते आहे, तुम्ही बघा. त्या चिडल्या असत्या. टोचून बोलल्या असत्या महिनाभर. मग स्वतः बसून पाच बोटांनी तो उंचवटा केला असता. एवढंच झालं असतं. पण मला दिसलं काय? डॉक्टर, आणि ताईंचं "हिचं काही चुकलं तर मला विचारा," आणि स्टेशनवर ट्रंक घेऊन उभी मी, आणि घरी आईचं तोंड.

प्लास्टिक ओढण्याआधी पायावर एक पांढरा सुती मोजा चढवतात. मी तो मोजा उचलला आणि बाबूरावांच्या पायावर चढवला. खाली ओढून गाठ मारली. घोटा झाकला गेला.

ताई आत आल्या. टेबलाकडे बघितलं. "मोजा पण चढवून ठेवलास? आज सूर्य कुठून उगवला?" मग माझ्या हातातल्या भांड्याकडे बघून, "आणि हे प्लास्टर कुणाच्या नावाने कालवलंस?"

"असंच ताई. पूड चांगली आहे का बघत होते."

"मग आहे का?"

"आहे."

भांड्यातलं प्लास्टर माझ्या हातातच गरम होत घट्ट झालं. ताईंनी भट्टीतून शीट काढली आणि पायावर ओढली. मी दुसरं टोक धरलं. नेहमीप्रमाणे.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. नाही. हे मी सांगू शकते, यात निदान माझी घाई आहे, भीती आहे. पुढचं वेगळं आहे. थांबा जरा — सांगते.

बाबूराव स्प्लिंट घालून बघायला आले. चालले. पाऊल फरफटलं नाही. त्यांना इतका आनंद झाला की दारापर्यंत जाऊन परत आले. "आता पोती न्हाय उचलणार, पर यार्डात राखणीला तर उभा ऱ्हाईन." ताईंनी त्यांना थोडं फिरवलं, मग स्प्लिंट काढून घोट्यावर अंगठा फिरवला. थोडी लाली होती.

"लागतंय का इथे?"

"मला काय कळतंय ताय. पाय कुठं माझा ऱ्हायलाय."

ताईंनी स्प्लिंट उजेडाला धरली. आतून बोट फिरवलं. प्लास्टिक तिथे गरम असताना जरा दबलं असेल, असं त्यांना वाटलं असावं. मला म्हणाल्या, "इथे उंचवटा दिला होता ना गं मी?"

मी म्हणाले, "हो ताई. दिला होता."

शब्द खरेच होते की. त्यांनी दिलाच होता. त्यांनी मान हलवली, मशीनने आतून थोडं घासलं, बाबूरावांना बजावलं — रोज संध्याकाळी पाय उजेडात बघायचा, आठवड्याने दाखवायला यायचं. ते आले नाहीत. आंब्याचे दिवस होते, यार्ड भरलेलं. त्यांना साखरही होती. पाय बघायचा तो बघितला नाही. हे सगळं खरं आहे, आणि केंद्रात लोक अजून बोलतात. मी ते ऐकते आणि मला बरं वाटतं. मग त्या बरं वाटण्याचीच किळस येते. कारण दुखलं असतं तर ते आले असते, आणि दुखणार नव्हतं, म्हणूनच तर ताई हाडाला जागा सोडायच्या.

बऱ्याच आठवड्यांनी बाबूराव आले तेव्हा त्यांचा मोजा घोट्याला चिकटलेला होता. ताईंनी पाणी लावून लावून तो सोडवला. आत काय होतं ते मी लिहीत नाही. हाडापर्यंत गेलं होतं. दवाखाना, ऑपरेशन, परत ऑपरेशन. शेवटी गुडघ्याच्या खाली पाय काढावा लागला.

डॉक्टरांनी ताईंना आणि मला आत बोलावलं. प्लास्टरचा पाय नव्हताच आता, स्प्लिंट झाली की तो आतून फोडून काढतात. पुरावा म्हणजे फक्त आमच्या दोघींची आठवण. टेबलावर ती स्प्लिंट होती. डॉक्टर म्हणाले, घोट्याला जागाच सोडलेली दिसत नाही.

ताई म्हणाल्या, "सोडली होती मी. मी कधी विसरत नाही."

डॉक्टर माझ्याकडे वळले. चांगल्या आवाजात विचारलं, रागाने नाही. "तू होतीस ना बरोबर? ताईंनी उंचवटा दिला होता का?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. अगदी निर्धास्त. त्यांच्या चेहऱ्यावर शंकाही नव्हती. काही महिन्यांपूर्वीच मी त्यांना हो म्हणाले होते ना.

आता जर हो म्हणाले, तर पुढचा प्रश्न येणार. दिला होता तर गेला कुठे?

मी म्हणाले, "मला नीट आठवत नाही, सर."

हे ते. हेच मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. पाय चोरला ते नाही, घासला ते नाही, मोजा चढवला तेही नाही. हे पाच शब्द. मला आठवत होतं. जांभळी खूण आठवत होती, तिच्यावरचा ताईंच्या बोटाचा वळसा आठवत होता, आत्ता डोळे मिटले तरी काढून दाखवीन.

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मी वाट बघत होते की त्या म्हणतील, अगं, त्या दिवशी तर हो म्हणालीस. म्हणाल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू बदललं — मला वाटतं, त्यांनी मनातल्या मनात सगळं परत तपासलं. पोरगी त्या दिवशी मला बरं वाटावं म्हणून हो म्हणाली असेल. आज डॉक्टरांसमोर खरं बोलते आहे. असंच काहीतरी. कारण मग त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "तिला कशाला मध्ये घेता? काम माझं होतं. राहिलं असेल माझ्याकडून."

मी तिथेच उभी होते. मला वाचवलं त्यांनी. कशापासून वाचवतायत हेही त्यांना माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी त्यांना काढलं नाही. ताईंनीच स्वतःला काढलं. आधी त्या प्रत्येक पाय मला दाखवायला लागल्या. "बघ गं, सगळीकडे दिलंय का?" एकदा दाखवून परत दाखवायच्या. ज्या बाईने मला हात लावायला शिकवलं ती माझ्याकडून हात तपासून घ्यायला लागली. मी बघायचे आणि म्हणायचे, दिलंय ताई. सगळं बरोबर आहे. मग एकदा त्या एक पाय समोर घेऊन नुसत्या बसून राहिल्या. म्हणाल्या, "हाताचा भरवसा गेला गं माझा." त्यानंतर त्या पुढच्या खोलीत नंबर द्यायला बसायला लागल्या. आता घरी असतात.

आणि मी? दुसऱ्या पायाची नडगी मी पहिलीवरूनच उलटी उतरवली होती. अद्वैत परत आला, नडग्या घालून गुडघे वाकवून बघितले आणि माझ्या खोलीत उड्या मारल्या. फोटो काढले. घोट्याचे तर वेगळे काढले. "हे कसं जमवलंस तू?" त्याच्या मित्रांची कामं आली, मित्रांच्या मित्रांची आली. मी केंद्र सोडलं. आता हेच करते, मोठी खोली घेतली आहे. आईला फोनवर वाटतं, पोरीने नशीब काढलं.

ताई एकदा खोलीवर आल्या होत्या माझं काम बघायला. मीच बोलावलं होतं, ठरवून, सांगायचं म्हणून. त्यांनी एक नडगी उचलली, चष्मा वर केला, घोट्याच्या गोलाईवरून अंगठा फिरवला. किती वर्षांनी कुठल्या पायावर फिरवत असतील. मग म्हणाल्या, "सुंदर आहे. पण हाडाला अगदी लागून आहे गं. माणूस घालणार ना हे? जागा सोड जरा." मी चहा टाकायला उठले. दूध उतू गेलं, ओटा पुसला, परत टाकला. त्या चहा पिऊन गेल्या.

आणि बाबूराव भेटले. मार्केट यार्डाच्या गेटपाशी, कुबडीवर. मी न बघितल्यासारखं करणार होते, त्यांनीच हाक मारली. "ताय, वळखलं का? बऱ्या हायसा ना?" मग त्या दुसऱ्या ताईंची चौकशी केली. म्हणाले, "त्यास्नी सांगा, माझ्या मनात काय न्हाय. माणसाच्या हातून हुतं कधी." मी हो म्हणाले. त्यांनी माफ केलं ते सुमनताईंना. जिचं काही चुकलं नव्हतं तिला. आणि तो निरोप मी अजून पोचवलेला नाही. पोचवला तर ताई म्हणतील, बघ, म्हणजे माझ्याकडूनच झालं. नाही पोचवला तर तोही माझ्याकडेच पडून.

मी लहान होते, एकटी होते, घाबरले होते — असं लिहून बघितलं आणि खोडलं. ताईही एकट्याच आहेत. त्याही घाबरल्या असतील त्या खोलीत. त्या माझ्या पुढे उभ्या राहिल्या.

मला तुमच्याकडून काही नको आहे. असू दे, होतं असं, असंही म्हणू नका.

सुमनताई, मी तुमच्या दारात येऊन बसणार आहे. चहा टाकायला उठणार नाही. तुम्हाला घेऊन डॉक्टरांकडे जाणार, बाबूरावांकडे जाणार, आणि तुमच्या समोर सांगणार की उंचवटा तुम्ही दिला होता आणि तो कुणी घासला. कधी, ते आज लिहिता येत नाही. तुमचं जे माझ्याकडे आहे ते मी परत करीन, ताई. तुमचे हात अजून चालतायत तोवर करीन.